चीनमधली जमीन-फेरवाटणी (१९५०–५३): गावात काम नेमकं कसं चालायचं, आणि १९५६ पर्यंत तीच जमीन हातून कशी गेली

कोरडवाहू

चीनमधल्या फेरवाटणीचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच ‘योग्य की अयोग्य’वर जाते. गावात काम कुठल्या क्रमानं झालं, जमीन कशी मोजली, कागद कोणते होते, घोळ कुठे झाले, हे बाजूला राहतं. म्हणून हा धागा. पुढचं सहकारीकरण त्यातूनच निघालं, तेही घेऊ. कम्यून (संस्था एकत्र करून केलेले मोठे सामूहिक गट) आणि १९५९–६१ चा दुष्काळ हा वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे; इथे लागेल तेवढाच.

कायदा ३० जून १९५० चा. पण हेबेई, शान्सी, शांडोंग, मांचुरिया या उत्तरेकडच्या भागांत कम्युनिस्टांचं राज्य आधीच होतं आणि तिथली वाटणी १९४६ ते ४८ मध्ये, यादवी चालू असतानाच उरकली होती. १९५० चा कायदा मुख्यतः यांगत्से नदीचं खोरं, दक्षिण, नैर्ऋत्य आणि वायव्य यांच्यासाठी. सुगी झाल्यावर हात मोकळे होतात, म्हणून काम हिवाळ्यात चाले. १९५०-५१ च्या हिवाळ्यात पहिली गावं घेतली आणि १९५३ च्या वसंतापर्यंत अल्पसंख्य जमातींचे काही प्रदेश वगळता काम आटोपलं. सरकारी आकडा: सुमारे ३० कोटी लोकांना ७० कोटी मू जमीन. एक मू म्हणजे ६६७ चौरस मीटर, आपले ६.६ गुंठे. भागाकार केला तर माणशी पंधरा गुंठे. एवढ्याशा तुकड्यासाठी एवढं मोठं राजकारण का झालं, हे पुढे येईलच.

आता क्रम. काउंटीकडून (प्रांताखालचा विभाग, आपल्या तालुक्यासारखा) कार्यपथक गावात यायचं. त्यात पक्षाचे कार्यकर्ते, सैनिक, विद्यार्थी, प्रसंगी विद्यापीठातले प्राध्यापकसुद्धा. जुन्या मुखियाकडे उतरायचं नाही, सर्वांत गरीब घरात राहायचं, त्यांचंच खायचं, त्यांच्याबरोबर राबायचं. मग एकेक भरवशाचा माणूस हेरायचा, त्याच्यामार्फत दुसरा जोडायचा, आणि त्यातून शेतकरी संघटना उभी करायची. त्यानंतर कैफियतीच्या सभा: खंड किती दिला, व्याज किती भरलं, कोणाची पोर गहाण पडली. या सभांची आधी लहान गटांत तालीम व्हायची. कोण बोलणार, कोणानंतर बोलणार, हे ठरलेलं असे. त्यानंतर वर्गनिश्चिती, मग जप्ती, मग वाटप, मग नवी मालकीपत्रं आणि जुन्या दस्तांची होळी. शेवटी फेरतपासणी.

यातली प्रत्येक पायरी मागचीवर टेकलेली आहे. वर्गनिश्चिती चुकली की खालचं सगळं चुकतं.

निळी शाई

वर्गनिश्चितीबद्दल लिहिते, कारण बहुतेक लोक समजतात की ‘ज्याच्याकडे जास्त जमीन तो जमीनदार’. तसं नव्हतं. १९३३ साली कम्युनिस्टांनी ज्यांगशी प्रांतात तयार केलेले निकष थोडे दुरुस्त करून ऑगस्ट १९५० मध्ये पुन्हा जारी केले, आणि त्यात एकरांची मर्यादाच नाही. प्रश्न दोनच: घरातलं कोणी राबतं का, आणि दुसऱ्याच्या श्रमावरचं उत्पन्न किती?

राबणं म्हणजे काय, हेही ठरवलेलं होतं. घरातल्या एका तरी माणसानं वर्षाचा तिसरा हिस्सा, म्हणजे चार महिने, ‘मुख्य’ श्रम केले पाहिजेत. नांगरट, लावणी, कापणी हे मुख्य. निंदणीला हातभार, भाजीचा वाफा, गुरं राखणं हे ‘पूरक’. चार महिने मुख्य श्रम भरले तर घर श्रीमंत शेतकऱ्यात जाई, नाही भरले तर जमीनदारात. आणि हा फरक जीवघेणा होता. १९५० च्या कायद्यात श्रीमंत शेतकऱ्याची स्वतः कसलेली किंवा गडी लावून कसलेली जमीन सुरक्षित होती. जमीनदाराची सगळी जात होती.

खालची रेषा श्रीमंत आणि मध्यम यांच्यामधली. खंड, व्याज आणि मजूर लावून मिळालेलं निव्वळ उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त, तर श्रीमंत. समजा एका घराचं एकूण उत्पन्न ४,००० चिन धान्य (चिन म्हणजे अर्धा किलो). त्यानं खंडानं दिलेल्या जमिनीतून आणि व्याजातून १,३०० चिन मिळवले, पण स्वतः दुसऱ्याला ४०० चिन खंड भरला. निव्वळ ९००, म्हणजे साडेबावीस टक्के. घर मध्यम. हे ४०० वजा करायला कोणी विसरलं तर साडेबत्तीस टक्के होतात आणि घर श्रीमंत ठरतं. हिशेब मुक्तीआधीच्या, म्हणजे कम्युनिस्टांचं राज्य येण्याआधीच्या, सलग तीन वर्षांचा धरायचा. वहीखातं असलेली घरं मोजकी, बाकी सगळं तोंडी.

पद्धत अशी: स्वतः सांगायचं, सभेनं चर्चा करायची, यादी लावायची, अशा तीन याद्या लागत आणि तिसरी अंतिम. मंजुरीनंतर पंधरा दिवसांत काउंटीच्या लोकन्यायालयात दाद मागता येत असे.

वरंधा

+१. चुका कशा होतात याचं नोंदलेलं उदाहरण उत्तरेतलं आहे. शान्सीतल्या त्साइजियाया गावात ५५२ घरांपैकी १२४ घरांना जमीनदार-श्रीमंत ठरवलं होतं, म्हणजे साडेबावीस टक्के. पक्षाचे नेते रेन बिशी यांनी जानेवारी १९४८ च्या भाषणात हेच गाव उदाहरण म्हणून घेतलं आणि सांगितलं की हे प्रमाण सर्वसाधारणपणे आठ टक्क्यांच्या आसपास असायला हवं.

असं का व्हायचं? वाटायला जमीन कमी पडली की वर्ग वर ढकलायचा मोह होतो. उत्तर चीनच्या मैदानात कुळं कमी, स्वतःची जमीन कसणारेच जास्त. तिथे खरा जमीनदार शोधूनही सापडेना, आणि वरून तर आदेश आलेला. मग आज्यानं काय केलं, घराला विटेची भिंत आहे का, मुखियाशी कसं वागला, असल्या गोष्टी निकष बनल्या. १९५० मध्ये श्रीमंत शेतकऱ्याला हात लावू नका असं जे ठरलं, त्यामागे हा अनुभव होता. उत्पादन घसरायला नको हेही कारण होतंच.

अवांतर_खातं

जमिनीच्या केंद्रीकरणाचा आकडा कोणता धरायचा? दहा टक्क्यांहून कमी लोकांकडे ७०–८० टक्के जमीन, असं सगळीकडे दिसतं.

कोरडवाहू

तो पक्षाचे नेते लिऊ शाओची यांच्या जून १९५० च्या अहवालातला, जमीनदार आणि श्रीमंत शेतकरी मिळून. पुढे चीनच्याच सांख्यिकी खात्याचे आकडे आले त्यात जमीनदार घरं चार टक्क्यांच्या जरा आत आणि त्यांच्याकडे सुमारे ३८ टक्के जमीन. श्रीमंत शेतकऱ्यांकडे आणखी १३-१४ टक्के. म्हणजे दोघांची मिळून निम्म्याहून थोडी जास्त. तरी विषमता मोठीच. गरीब आणि मजूर घरं ५७ टक्के, त्यांच्याकडे १४ टक्के जमीन. मला हा दुसरा आकडा जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण तो काढणाऱ्यांना १९५० चा प्रचार रेटायचा नव्हता.

पण सरासरी फसवी आहे. सिचुआनमध्ये कुळांची संख्या प्रचंड, शांडोंगमध्ये कमी. ग्वांगडाँगमध्ये तिसरीच गंमत: तिथली जवळजवळ एक तृतीयांश जमीन भावकीच्या पूर्वजांच्या नावानं सामाईक होती. तिच्या उत्पन्नावर मंदिर, श्राद्ध, शाळा चालायच्या आणि ती कसणारा त्याच भावकीतला गरीब माणूस. तो आपल्याच चुलत्याविरुद्ध सभेत काय बोलणार? सामाईक जमिनीचा कारभार पाहणं हेही शोषण, असं निकषांत घालावं लागलं ते त्यामुळे.

पाटाचं पाणी

वाटपाचं तंत्र कोणीच लिहिलं नाही, तेच मला सगळ्यात रोचक वाटतं.

एकक ‘श्यांग’ म्हणजे गावगट. सगळी जमीन एकत्र करून पुन्हा तुकडे पाडायचे नाहीत, तर ‘जो कसतोय त्याच्याकडेच राहू द्या आणि फक्त जास्तीचं काढून कमीला जोडा’, असा नियम. हे शहाणपणाचं होतं. १९४७-४८ मध्ये काही ठिकाणी सगळं सरसकट समान वाटलं, तेव्हा मध्यम शेतकऱ्यांची खत घातलेली रानं गेली आणि त्यांनी पुढच्या हंगामात मशागतच ढिली केली.

समान वाटायचं ते क्षेत्र नव्हे. पाण्याखालचं भातखाचर आणि टेकडीवरचं वरकस यांची बरोबरी होत नाही, म्हणून सर्वसाधारण वर्षाच्या उत्पन्नावर हिशेब. प्रत्येकानं आपल्या तुकड्याचं उत्पन्न सांगायचं, शेजाऱ्यांनी ते वर-खाली करायचं. त्यात एक अडचण कायमची: हाच आकडा पुढे शेतसाऱ्याला वापरणार हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे स्वतःचं उत्पन्न कमी सांगायचं आणि जे मिळावंसं वाटतं त्या तुकड्याचंही कमी सांगायचं. शिवाय मू ठिकठिकाणी लहानमोठा. कागदावर नसलेली ‘काळी जमीन’ मोजणीत बाहेर यायची, ती वेगळीच.

माणशी एक वाटा, बायकापोरं धरून. जमीनदारालाही माणशी तेवढाच. एकट्यादुकट्या धडधाकट गरिबाला गावात जमीन पुरेशी असेल तर एका वाट्याहून थोडं जास्त, म्हणजे पुढे लग्न झालं तर चालेल. विधवा, सैनिक, शिक्षक वगैरे ज्यांनी थोडी जमीन नाइलाजानं खंडानं दिली असेल, त्यांना गावच्या माणशी सरासरीच्या दुपटीपर्यंत राखता येई.

आणि यांगत्सेच्या खालच्या अंगाला ‘वरचा हक्क’ आणि ‘तळचा हक्क’ अशी दुहेरी मालकी. तळ जमीनदाराचा, पृष्ठभाग कायम कुळाचा, आणि पृष्ठभाग विकताही येई. अशा कुळाकडून जमीन काढली तर त्या वरच्या हक्काच्या किमतीएवढी जमीन त्याला ठेवावी लागे. नाहीतर गरिबाचीच मालमत्ता जप्त झाली असती.

निळी शाई

बायकांच्या वाट्याबद्दल एक भर. मालकीपत्र घराच्या नावे निघायचं, त्यावर माणसांची नोंद. १ मे १९५० च्या विवाह कायद्यानं घटस्फोट मिळाला, पण तुकडा नवऱ्याच्या तुकड्यात मिसळलेला. तो वेगळा काढायचा म्हणजे बांध नवा घालायचा, बैलाचा आणि घराचा वाटाही काढायचा. गावचा कार्यकर्ता बहुधा नवऱ्याच्याच बाजूचा. घटस्फोटाला गावातून जो विरोध झाला त्याच्या मुळाशी अब्रूइतकीच ही जमीन होती.

शेरास_सव्वाशेर

कायदा एवढा मोजूनमापून लिहिलेला आहे, तर मग मारहाण आणि हत्या का? कायद्यात तर फक्त पाच गोष्टी जप्त करायच्या आहेत: जमीन, जनावरं, अवजारं, जादा धान्य आणि गावातली जादा घरं. बाकीची संपत्ती, व्यापार-उदीम सोडून द्यायचा.

वरंधा

कारण पक्षाला नुसतं वाटप नको होतं. सरकारनं वरून जमीन दिली तर कूळ रात्री गुपचूप जाऊन खंड पोचवून येतं किंवा जमीन परत करतं. उद्या यादवीत हरलेला राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेक परत आला तर काय, ही भीती. ऑक्टोबर १९५० मध्ये चीन कोरियाच्या युद्धात उतरला तेव्हा असल्या अफवांना ऊत आला. म्हणून शेतकऱ्यानं सगळ्यांदेखत जमीनदाराच्या तोंडावर बोललं पाहिजे, त्याला परतीचा रस्ता उरू नये, असा डाव. ‘शांततेनं जमीन सुधारणा’ हा शब्दप्रयोगच दोष म्हणून वापरला जाई. ग्वांगडाँगमध्ये तिथले पक्षनेते फांग फांग यांच्यावर मवाळपणाचा ठपका बसला, ताओ झू यांना पाठवलं गेलं आणि १९५२ मध्ये फांग फांग बाजूला पडले. त्यानंतर तिथली मोहीम किती कडक झाली ते सांगायला नको. परदेशी गेलेल्या मुलांच्या पैशांवर चार मू जमीन घेतलेली घरंही तीत सापडली.

पाच गोष्टींच्या मर्यादेला पळवाट होती. दक्षिणेत कूळ जमीन घेताना मोठी अनामत ठेवी. ती परत करा, जास्तीचा खंड परत करा, असा हिशेब निघाला की जमीनदाराकडे द्यायला रोकड नसे. मग पुरलेलं चांदी-सोनं काढण्यासाठी छळ. कायद्यानं बाकीची संपत्ती जप्त करायची नसूनही तेच घडलं.

मृतांचा एक नक्की आकडा नाही. जमीन सुधारणेत मारले गेलेल्यांचे अंदाज बहुधा दहा ते वीस लाखांच्या दरम्यान फिरतात, काही त्याहून वर जातात. त्याच काळात प्रतिक्रांतिकारकांविरुद्धची मोहीम चालू होती आणि अनेक गावांत दोन्ही एकाच सभेत उरकल्या, त्यामुळे आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत.

अवांतर_खातं

आणि ‘जमीनदार’ किंवा ‘श्रीमंत’ हा वर्गाचा शिक्का? तो पुसता यायचा का?

निळी शाई

कागदावर, हो. जमीनदारानं पाच वर्षं आणि श्रीमंत शेतकऱ्यानं तीन वर्षं नीट श्रम केले, कायदे पाळले, तर वर्ग बदलता येईल अशी तरतूद होती. प्रत्यक्षात तो मुलांना चिकटला. सैन्य, शाळाप्रवेश, लग्न, सगळीकडे नोंद. सरसकट काढला गेला जानेवारी १९७९ मध्ये. जमीन तीन-चार वर्षं टिकली, शिक्का सत्तावीस-अठ्ठावीस.

पाटाचं पाणी

आता जमीन का टिकली नाही त्याकडे. कायद्याच्या तिसाव्या कलमात मालकाला जमीन कसण्याचा, विकण्याचा आणि खंडानं देण्याचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. पण जमीन मिळाली तरी बैल नव्हता. जप्त झालेला एक बैल चार घरांत, प्रत्येकाला एक पाय. नांगरटीच्या आठ दिवसांत चौघांनाही तो एकदमच हवा. वैरण घालायची वेळ आली की चौघांचीही नजर दुसऱ्याकडे. बैल खंगत गेला. कोणीतरी आजारी पडलं की तुकडा विकायला निघे, आणि नव्यानं वर आलेले कार्यकर्तेच तो घेत.

म्हणून मदतगट. पाचसहा घरांनी माणसं आणि जनावरं आळीपाळीनं वापरायची. हंगामी गट सोपा, पूर्वापार इर्जिकीसारखाच. वर्षभराचा गट अवघड, कारण पाऊस पडला की पहिल्यांदा कोणाचं रान पेरायचं यावरून भांडण. बैल एका दिवसाला किती माणूसदिवसांबरोबर धरायचा हा दुसरा तंटा. बैलवाल्याला दर कमी वाटला की तो गट सोडायचा, आणि बैलाशिवाय गटाला अर्थ नाही.

कोरडवाहू

माझ्या मते खरी कलाटणी इथे नाही, १९५३ च्या धान्यखरेदीत आहे. शहरं आणि कारखाने वाढत होते, सरकारची धान्यविक्री खरेदीपेक्षा वेगानं वाढली, आणि शेतकरी आता खंड द्यायचा नसल्यानं स्वतः जास्त खात होता आणि साठवत होता. अर्थकारण सांभाळणारे नेते चेन युन यांनी आठेक पर्याय मांडून तपासले आणि सक्तीची खरेदी अधिक शहरात नियंत्रित विक्री हा निवडला. नोव्हेंबर १९५३ मध्ये ते लागू झालं, खाजगी धान्यव्यापार संपला. पुढच्या वर्षी कापूसही आला.

तंत्र: प्रत्येक घर शिल्लकवालं, पुरतं किंवा तुटीचं ठरवायचं. अपेक्षित उत्पन्नातून सारा, बियाणं, चारा, खाण्याचं धान्य वजा, उरलं ते सरकारी भावानं सरकारला. अकरा कोटी घरांशी असा हिशेब घालायचा! १९५४ मध्ये यांगत्सेला महापूर आला आणि तरी खरेदी ठरल्याहून सुमारे ३५ लाख टनांनी जास्त झाली. १९५५ च्या वसंतात गावोगाव धान्याखेरीज दुसरा विषय नव्हता. ज्यांच्याकडून जादा उचललं त्यांनाच परत विकायची वेळ आली. ऑगस्ट १९५५ मध्ये ‘तीन निश्चिती’ आली: उत्पन्न, खरेदी आणि विक्री आधीच ठरवायची, शिलकीच्या ८० ते ९० टक्के घ्यायचे, वाढीव उत्पन्नातले जास्तीत जास्त ४० टक्के.

अकरा कोटी दारं ठोठावण्यापेक्षा काही लाख सहकारी संस्थांच्या खळ्यावरून धान्य उचलणं सोपं. एकदा पीक खळ्यावर एकत्र आलं की सरकारचा वाटा आधी निघतो, घराचा नंतर. जमीन कोणाच्या नावावर आहे याला यापुढे फारसा अर्थ उरला नाही.

शेरास_सव्वाशेर

पण सहकारी संस्थेत सुरुवातीला जमिनीचा वाटा मिळायचाच की.

पाटाचं पाणी

प्राथमिक संस्थेत, हो. वीस-चाळीस घरं. जमीन भाग म्हणून टाकायची, मालकी तुमचीच. सारा, बियाणं, राखीव निधी वजा करून उरलेलं जमीन आणि श्रम यांत वाटायचं, कुठे ४०:६०, कुठे ३०:७०. ज्याच्या घरात जमीन जास्त आणि हात कमी त्याला ४० हवेत. ज्याच्याकडे हात जास्त त्याला २०. दर वर्षी श्रमाचा वाटा वर सरकत गेला.

उच्च संस्थेत, जून १९५६ च्या नमुना नियमांनुसार, शंभर-दोनशे घरं आणि जमिनीचा वाटा शून्य. जनावरं-अवजारं संस्थेनं विकत घ्यायची, पैसे साधारण तीन वर्षांच्या हप्त्यांत, जास्तीत जास्त पाच. किंमत बाजारापेक्षा कमी लावली जाई आणि हप्ते रखडत, म्हणून लोकांनी आत जाण्याआधीच जनावरं विकली किंवा कापली. ज्यांनी आणली त्यांची वैरण आता कोणाचीच जबाबदारी नव्हती. घरापाशी भाजीपाल्याचा तुकडा ठेवता येई, गावच्या माणशी सरासरीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

मजुरी कामाच्या गुणांत. धडधाकट पुरुषाला दिवसाला दहा, बाईला बहुधा सात-आठ, तेवढंच काम केलं तरी. गुणाची किंमत वर्षअखेरीस कळणार: वाटपाची रक्कम भागिले सगळ्यांचे गुण. पीक बुडालं तर भाव बुडाला. रोजचे गुण रोज लिहिणारा साक्षर हिशेबनीस दहा गावांत एक मिळायचा. नोंदी महिन्यानं केल्या की आठवणीवर, आणि आठवणीत कार्यकर्त्याचा भाऊ कधी गैरहजर नसतो.

वरंधा

वेगाचे आकडे टाकतो. १९५५ च्या मध्याला साडेसहा लाख संस्था, त्यांत एक कोटी ६९ लाख घरं. पक्षाच्या ग्रामीण विभागाचे प्रमुख डेंग झिहुई थांबा म्हणत होते. झेजियांगमध्ये ५३ हजारांपैकी १५ हजार संस्था विसर्जितही झाल्या. ३१ जुलै १९५५ ला माओंनी भाषणात अशांना पाय बांधलेल्या बाईसारखे अडखळत चालणारे म्हटलं. १९५६ अखेर ९६ टक्के घरं संस्थांत, ८८ टक्के उच्च संस्थांत. झेजियांगच्याच योंगजिया काउंटीत १९५६ मध्ये घरागणिक उत्पादनाचा ठेका देऊन पाहिला. पुढच्याच वर्षी तो प्रयोग दडपला गेला.

अवांतर_खातं

हे आपल्याकडच्या कूळकायद्याशी कोणी जोडून पाहिलंय का? १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन जवळजवळ त्याच वेळचा.

निळी शाई

वेळ तीच, यंत्रणा अगदी वेगळी. मुंबई राज्यात त्या दिवशी कूळ मालक ‘मानला’ गेला, पण खरेदी किंमत ठरली, ती हप्त्यांनी भरायची होती, आणि तंटा शेतजमीन न्यायाधिकरणापुढे. ज्या कुळाचं नाव उताऱ्यावर नव्हतं ते बाहेर राहिलं. चीनमध्ये किंमत नाही, आणि पुरावा म्हणजे सभा.

खरा दुवा दुसरा आहे. १९५६ मध्ये भारत सरकारनं चिनी शेती पाहायला दोन शिष्टमंडळं पाठवली. सहकारी संस्था पाहणाऱ्या मंडळाचे प्रमुख नागपूरचे आर. के. पाटील. बहुमताचा अहवाल सहकारी शेतीच्या बाजूनं गेला आणि त्याला भिन्नमतपत्रिका जोडलेली होती, तिचा रोख सक्तीवर होता. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला: मालकी शेतकऱ्याची, वाटा जमिनीच्या प्रमाणात, शिवाय श्रमाचा मोबदला.

पाटाचं पाणी

म्हणजे चीनच्या प्राथमिक संस्थेची घडण जवळजवळ तशीच. चीनमध्ये ती दोन-तीन वर्षंसुद्धा धड चालली नव्हती, आणि नागपूरचा ठराव झाला तेव्हा तिथल्या सगळ्या संस्था २६ हजारांवर कम्यूनांत विरघळून गेल्या होत्या.

कोरडवाहू

पाटील मंडळ गेलं तेव्हा उच्च संस्था नुकत्या उभ्या राहिल्या होत्या. गुणांचा पहिला वर्षअखेरचा हिशेब अजून लागायचा होता. त्या अहवालातले उत्पन्नाचे आकडे वाचताना तेवढं ध्यानात ठेवा. कम्यूनांसाठी नवा धागा काढतो, प्रतिसाद तिकडे द्या.